मंडळाची वेबसाइट कशात करायची?

आमच्या जयपूरच्या महाराष्ट्र मंडळाची वेबसाइट एकूण आठ पानांची होती. त्यातल्या एका पानावर तर 'लवकरच येत आहे' याखेरीज काहीच नव्हतं. पण ती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करायची यावरून जे जे झालं, ते सांगायला बसलं की संध्याकाळ पुरत नाही. परवा पुण्यात एका वास्तुशांतीला आमचे जुने जयपूरवाले भेटले. पूजा आटपायच्या आत कोणीतरी म्हणालं, "तो मुदतवाढीचा सांगा ना!" झालं! एक किस्सा निघाला की बाकीचे त्याच्यामागे रांग लावून उभे. शेवटी गुरुजींनी विचारलं, "आरती करायची का?" म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. नाहीतर हल्ली माझेच किस्से लोक मला चुकीचे सांगतात!

दोन हजार चार-पाचचा सुमार. आमच्या ह्यांची विमा कंपनीत नोकरी, बदली होऊन आम्ही जयपूरला आलो. वैशाली नगरात घर. मुलगी शाळेत, हे ऑफिसात आणि मी एक्केचाळीस वर्षांची, दुपारभर पडद्यांच्या कड्या मोजत बसलेली. गोपालपुऱ्याला कोचिंग क्लासची एक बिल्डिंग होती. तिच्यावर पाटी दिसली, 'वेब डिझायनिंग, तीन महिने'. गेले आणि नाव घातलं.

पहिल्या दिवशी दारातच वॉचमनने अडवलं. "पेरेंट्स का वेटिंग उधर है, मैडम."

मी म्हटलं, "मी पेरेंट नाही... मतलब, हूँ, पर पढ़ने आई हूँ!"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझी पावती उलटसुलट करून पाहिली आणि मग अदबीने दार उघडून म्हणाला, "तो फिर सामने बैठना आंटीजी, पीछे के लड़के पढ़ते नहीं हैं."

आमचे सर पंचविशीतले होते. पहिल्याच तासाला मी वही उघडून विचारलं, "सर, वेबसाइट बनवायला सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?"

सर गंभीरपणे म्हणाले, "मैडम, जो इंस्टॉल है!"

पुढे सहा महिने आमच्या मंडळाने ह्या एकाच प्रश्नावर जेवढी चर्चा केली, तेवढ्यात सरांइतकं थोडक्यात आणि खरं उत्तर कोणीही दिलं नाही.

*

मंडळाची वेबसाइट असावी, ही कल्पना करंदीकर साहेबांची. ते आमचे अध्यक्ष. केंद्र सरकारच्या हिशोब खात्यातून निवृत्त झालेले, राहायला जवाहर नगरात. ऑफिस सुटलं होतं पण फाईल सुटली नव्हती. कोजागिरीच्या दुधाचीसुद्धा त्यांच्याकडे फाईल असायची.

त्यांनी चार जणांची वेबसाइट समिती नेमली. मी, कारण मी कोर्स करत होते. बँकेतले ठोंबरे, कारण त्यांनी नुकताच नवा कॉम्प्युटर घेतला होता. निखिल, कारण तो खरोखरच ह्या धंद्यातला होता. कोल्हापूरचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आलेला. आणि चौथ्या मुळे काकू, कारण बैठका त्यांच्याकडे व्हायच्या. मुळे काकू चाळीस वर्षं जयपुरात होत्या. त्यांच्या घरी बैठक असली की कोरम हमखास पूर्ण, कारण चकली असायची.

पहिल्याच बैठकीत तीन पक्ष पडले. ठोंबरे म्हणाले, "फ्रंटपेज! माझ्या कॉम्प्युटरसोबत आलेलंच आहे न, मग दुसरं पाहून काऊन राहिले तुम्ही?" ते अमरावतीचे. कितीही बदल्या झाल्या तरी त्यांची बोली बदलली नव्हती.

मी म्हटलं, "ड्रीमवीव्हर. क्लासमध्ये तेच शिकवतात, आणि सगळ्या पानांवर एकदम बदल करता येतो."

निखिल हसला. त्या हसण्याचा मला फार राग यायचा! म्हणाला, "वहिनी, सॉफ्टवेअर कशाला लागतं? नोटपॅड उघडायचं आणि हाताने कोड लिहायचा. आपण लिहिलेली ओळ न् ओळ आपल्याला माहीत असते. चूक व्हायची शक्यताच नाही."

मुळे काकू आतून चहा घेऊन आल्या. "त्यात मराठी लिहिता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येईल हो काकू, ते नंतरचं," आम्ही तिघंही एका सुरात म्हणालो. त्या बैठकीत आमचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर.

*

करंदीकर साहेब म्हणाले, "असं वाऱ्यावर ठरवायचं नाही. तुलनात्मक तक्ता करा."

पुढच्या बैठकीला ते तक्ता स्वतःच करून घेऊन आले. तीन सॉफ्टवेअर, तीन रकाने, खाली अकरा मुद्दे. पहिला मुद्दा, मजबुती. दुसरा, गंजरोधक आहे काय. तिसरा, रंग. चौथा, वजन.

निखिलने कागद उलटा केला, सुलटा केला. "साहेब, हा कशाचा तक्ता आहे?"

"आमच्या ऑफिसात डेझर्ट कूलर घेताना केला होता," साहेब म्हणाले. "तावून सुलाखून निघालेला फॉर्म आहे. आजवर त्यावर एक आक्षेप आलेला नाही."

साहेबांपुढे कोण बोलणार? आम्ही भरायला बसलो. ठोंबऱ्यांनी फ्रंटपेजच्या रंगासमोर लिहिलं, 'निळा'. मी ड्रीमवीव्हरच्या मजबुतीसमोर लिहिलं, 'उत्तम'. निखिलने नोटपॅडच्या वजनासमोर 'नगण्य' असं लिहिलं आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. वजनात तो जिंकला होता, यात शंकाच नाही!

शेवटचा मुद्दा होता, पाण्याच्या टाकीची क्षमता. तिघांनीही लिहिलं, 'लागू नाही'.

साहेबांनी चष्मा वर केला. "लागू नाही असं लिहिलं की शेजारी कारण लिहावं लागतं."

ठोंबऱ्यांनी पेन घेतलं आणि तिन्ही रकान्यांसमोर एकच कारण लिहून टाकलं, 'पाणी घरूनच आणावे.'

साहेबांनी वाचलं, मान डोलावली आणि सही केली!

*

ड्रीमवीव्हर तीस दिवस फुकट वापरून बघता यायचं. साहेबांना ते फार आवडलं. "ट्रायल घ्या. पण कायदेशीर. कुठल्या गल्लीतली सीडी चालणार नाही."

त्यांच्याच घरच्या कॉम्प्युटरवर मी ते घातलं. डायल-अपचं कनेक्शन. डाउनलोड होईपर्यंत मी त्यांच्याकडे दोनदा जेवले. लगेच कामाला बसणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा. ट्रायल घ्यायची की नाही, याला समितीची मंजुरी हवी."

पहिली बैठक, ठोंबरे ऑडिटमुळे येऊ शकले नाहीत. दुसऱ्या बैठकीच्या दिवशी वैशाली नगरात अशी धुळीची आंधी आली की समोरच्याची गच्ची आमच्या अंगणात आली. तिसऱ्या बैठकीत विषय निघाला, पण चकल्या कडबोळ्यांहून बऱ्या की वाईट, यावर वेळ गेला. चौथ्या बैठकीत ट्रायल घ्यायचं एकमताने मंजूर झालं. साहेबांनी मला टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं मंजुरीपत्र दिलं.

मी धावत त्यांच्या घरी गेले, कॉम्प्युटर लावला. पडद्यावर सूचना आली की तीस दिवस संपले.

साहेबांनी ती सूचना मोठ्याने वाचली. जराही डगमगले नाहीत. "ठीक आहे. मुदतवाढीचा अर्ज करू!"

आणि केला हो! त्या अमेरिकेतल्या कंपनीला. 'विषय : ट्रायलची मुदत वाढवून मिळणेबाबत.' कारण दिलं होतं, 'समितीचे एक सदस्य ऑडिटमध्ये व्यस्त असल्याने व स्थानिक आंधीमुळे.' इंग्रजीत आंधीला शब्द सापडेना, तर त्यांनी तो तसाच ठेवला. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र एक. महिन्याने स्मरणपत्र दोन.

मी म्हटलं, "साहेब, ते लोक उत्तर देणार नाहीत."

साहेब शांतपणे म्हणाले, "द्यायला पाहिजेच असं नाही. पण उद्या कोणी विचारलं, की तुम्ही काय केलंत, तर?"

*

शेवटी मुळे काकूंनीच तोडगा काढला. "तिघंही एकेक पान करून दाखवा. मी सांगते कोणतं चांगलं. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच नाही."

गणपती जवळ आले होते. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाचं पान करायचं ठरलं. आमच्या क्लासच्या सरांनी रविवारी सकाळी लॅब वापरायला दिली. वॉचमन तोच. त्याने ह्या वेळी काकूंना अडवलं, करंदीकर साहेबांना अडवलं आणि मला सलाम ठोकला. काय सांगू, त्या सलामाने मला जेवढा आनंद झाला तेवढा कोर्सच्या सर्टिफिकेटनेही झाला नाही!

एक तासाची वेळ. साहेबांनी प्रत्येकाच्या हातात कार्यक्रमाचं परिपत्रक ठेवलं आणि घड्याळ लावलं. मी ड्रीमवीव्हरवर, ठोंबरे फ्रंटपेजवर, निखिल नोटपॅडवर. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं काम तपासणार होतं, आणि ते काम पुरणपोळी नव्हतं.

तास संपला. काकू पहिल्यांदा ठोंबऱ्यांच्या पानापुढे बसल्या. पान कसलं, जत्रा होती ती! लाल अक्षरं लुकलुकत होती, कडेला दोन उंदीर उड्या मारत होते आणि आरतीची वेळ उजवीकडून डावीकडे धावत होती.

काकूंनी दोनदा मान फिरवून वाचायचा प्रयत्न केला. "ठोंबरे, मी वाचेपर्यंत ही जाते हो!"

"पुन्हा येते न काकू, तिथंच थांबून राहा."

निखिलचं पान पांढरंशुभ्र, सुरेख. अक्षरं मुंगीएवढी. काकू पडद्याला नाक लावून म्हणाल्या, "फार सुंदर आहे रे बाळा. काय लिहिलंयस?"

मग माझं. काकू बराच वेळ बघत होत्या. मग मागे टेकून बसल्या. "सुनीताचं मला चष्म्याशिवाय वाचता आलं." माझ्या डोळ्यात पाणी आलं की काय, ते कोणाला दिसू नये म्हणून मी खालची वायर नीट करायला वाकले.

"पण," काकू पुढे म्हणाल्या, "तिघांनीही आरतीची वेळ चुकवलीय. आरती साडेसातला असते. इथे तिन्हीकडे साडेआठ आहे."

आम्ही तिघांनी एकदम परिपत्रक पाहिलं. साडेआठ! टाइप केलं होतं खुद्द साहेबांनी.

साहेबांनी परिपत्रक हातात घेतलं, तारीख पाहिली, सही पाहिली. सही त्यांचीच.

"परिपत्रक निघालेलं आहे," ते म्हणाले. "आरतीची वेळ बदला!"

त्या वर्षी दहाही दिवस आरती साडेआठला झाली.

*

तर ड्रीमवीव्हर ठरलं. सरांच्या परवानगीने मी दर रविवारी सकाळी लॅबमध्ये जाऊन आठही पानं केली. साइट नेटवर चढवली आणि सगळ्यांना फोन केले. 'बघा!'

दहा मिनिटांत साहेबांचा फोन. "वहिनी, अभिनंदन. फार भारदस्त झाली आहे. एकच विचारायचं होतं. भाषा कोणती आहे?"

"मराठी, साहेब!"

"अस्सं," साहेब म्हणाले. "मग माझ्याकडे दुसरी आली असेल."

तोवर ठोंबऱ्यांचा फोन. "वहिनी, जर्मन वाटून राहिली बावा! मधूनमधून कंस आहेत, टिंबं आहेत. साहेबांच्या फोटोखालचं 'अध्यक्षांचे मनोगत' तर पूर्ण डॉलरच्या खुणांनी भरलंय!"

झालं होतं असं, की लॅबमधल्या कॉम्प्युटरवर मराठीचा जो फॉन्ट होता, तो बाकी कोणाकडेच नव्हता. माझ्या पडद्यावर 'स्वागत', इतरांच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. सहा महिने आम्ही मजबुती पाहिली, वजन पाहिलं, गंज पाहिला. मराठी कोणीच पाहिली नव्हती.

मुळे काकूंकडे गेले. चहाचा कप पुढे करताना त्या म्हणाल्या, "साखर घालू, की ते नंतरचं?"

*

निखिलने उपाय शोधला. युनिकोड नावाची पद्धत आली होती. तिच्यात टाइप केलं की कुठेही मराठी मराठीच दिसते. पण सगळा मजकूर पुन्हा टाइप करायचा! मी एकटी किती करणार? ठोंबऱ्यांची केतकी मदतीला आली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. जन्मापासून मराठी मुलखाबाहेरच वाढलेली. देवनागरी वाचायची ती हिंदीमुळे, आणि तिचं मराठी म्हणजे, "काकू, मी ना, मतलब, सगळं टाइप करून देते, टेन्शन नका घेऊ!"

चार दिवसांत पोरीने सगळं संपवलं. मी कौतुकाने उघडून पाहिलं. 'महाराष्ट्र मंडल'. खाली 'दिवाली फराल'. त्याखाली 'डोले तपासणी शिबिर'. आणि समितीच्या यादीत, 'सौ. मुले'!

"केतकी, अगं सगळे ळ कुठे गेले?"

"ते मला वाटलं प्रिंटिंग मिस्टेक आहे," ती म्हणाली. "सगळीकडे होती!"

मुळे काकूंनी तिला समोर बसवलं. जीभ कशी मागे वळवायची, टाळूला कशी लावायची. केळं, बाळ, पोळी, सकाळ. पहिल्यांदा पोरगी हसत सुटली. मग हळूहळू तिला जमलं. जमलं तशी ती म्हणाली, "काकू, माझी आजी अशी बोलायची. मला वाटायचं तिचे दात नाहीत म्हणून."

काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि एक पोळी जास्त वाढली.

दुसऱ्या दिवशी केतकीचा उत्साहाने फोन. "काकू, सगळं ठीक केलं! एका मिनिटात! ते सगळ्या पानांवर एकदम बदल करायचं बटन आहे ना, त्याने!"

उघडून पाहिलं. तिने साइटवरचा प्रत्येक 'ल' काढून तिथे 'ळ' घातला होता. 'आपळे स्वागत आहे.' 'काळ झाळेळी बैठक.' 'संपर्कासाठी ई-मेळ करा.'

ज्या सोयीसाठी मी सहा महिने ड्रीमवीव्हरची वकिली केली होती, ती ही सोय!

साहेबांनी मात्र सगळी साइट वाचली आणि फोनवर म्हणाले, "उत्तम. ई-मेळ हा प्रतिशब्द कोणी सुचवला? फार समर्पक आहे."

तो शब्द आम्ही तसाच ठेवला.

*

साइटच्या तळाशी एक आकडा होता, किती लोकांनी भेट दिली ते दाखवणारा. साहेबांचा रोज सकाळी मला फोन. "आज दोनशे चौदा. आज दोनशे एकोणतीस. लोक येतायत, वहिनी!"

एकदा मी धीर करून विचारलं, "साहेब, तुम्ही दिवसातून किती वेळा बघता?"

"पंधराएक वेळा. कोणी आलं का ते बघायला जातो."

"साहेब, तुम्ही गेलात की तो आकडा एकाने वाढतो."

साहेब म्हणाले, "म्हणजे उद्या मी जायचं नाही?"

"एक दिवस नका जाऊ. बघू या."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आवाजात खळबळ. "वहिनी, काल दिवसभर मी लांब राहिलो. आज सकाळी जाऊन पाहिलं, तर आकडा फक्त एकाने वाढलाय. फक्त एकाने! कोण असेल हो तो?"

*

आता निखिलचं. वधू-वर सूचक पान व्हावं, हा काकूंचा हट्ट. निखिल म्हणाला, "हे पान मी करणार, नोटपॅडमध्ये, हाताने. तुमच्या सॉफ्टवेअरला हात लावू देणार नाही." बरं, कर!

पान नीट दिसतं का हे पाहायला त्याने स्वतःचीच नोंद घातली. उंची, शिक्षण, नोकरी. अपेक्षांसमोर लिहिलं, 'बोलताना समोरच्याचं ऐकणारी, कांदा कचोरीला नाही न म्हणणारी, आणि माझ्यापेक्षा शहाणी असली तरी रोज न सांगणारी.' पानावर मग खऱ्या मुलांच्या नोंदी आल्या. आपली काढायला मात्र हा विसरला.

महिन्याभराने मंडळाच्या पत्त्यावर इंदूरहून एक ई-मेळ आला. लिहिणारी मुग्धा नावाची मुलगी. मजकूर असा :

'नमस्कार. आपल्या वधू-वर पानावर श्री. निखिल यांच्या अपेक्षा ठळक अक्षरात आहेत, परंतु ठळक करण्याची खूण पुढे बंद केलेली नाही. त्यामुळे त्यांच्यापुढची चौदा मुलं, मंडळाचा पत्ता आणि हळदीकुंकवाची सूचनाही ठळक झाली आहे. कृपया श्री. निखिल यांना आवरावे.'

मी तो ई-मेळ छापून निखिलच्या हातात ठेवला. त्याने एकदा वाचला. पुन्हा वाचला. ओळ न् ओळ माहीत असणारा मुलगा, कानापर्यंत लाल झाला!

"ही आहे कोण?" तो रागाने म्हणाला.

"इंदूरची आहे. वेबसाइटच करते."

"उत्तर मी देतो," असं म्हणून त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. वरच्या खिशात!

उत्तर दिलं. तिकडून उलट उत्तर आलं. महिनाभर हे चाललं होतं. मी विचारलं की म्हणायचा, "काही नाही वहिनी, कोडबद्दल." काकूंनी एके दिवशी त्याला कचोरी वाढता वाढता विचारलं, "काय रे, चूक दुरुस्त झाली का?"

"कधीच झाली," निखिल म्हणाला.

"मग अजून काय लिहिता?"

निखिल कचोरीकडे बघत राहिला. कचोरी निवली.

*

होळीनंतर मुग्धा आणि तिचे आई-वडील जयपूरला आले. 'सहज, शहर बघायला.' निखिलचे आई-वडील त्याच आठवड्यात कोल्हापूरहून आले, तेही सहजच! मुळे काकूंनी सगळ्यांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. नुकतंच त्यांच्या मुलाने त्यांना मोठं डायनिंग टेबल घेऊन दिलं होतं, दहा माणसांचं, वर काच. काकूंनी त्यावर नवीन कापड घातलं, ताटं मांडली. करंदीकर साहेब अध्यक्ष या नात्याने हजर. ठोंबरे आणि मी समिती म्हणून.

आता एक सांगते. त्या काळात वेबसाइटचं पान मांडायचं ते टेबल आखून. म्हणजे न दिसणारे चौकोन पाडायचे, एकात चित्र, एकात मजकूर. निखिल त्यातला. पण काही नव्या लोकांनी नुकतंच म्हणायला सुरुवात केली होती की टेबल अजिबात वापरायचं नाही, दुसऱ्या पद्धतीने मांडायचं. मुग्धा त्यातली. हे मला माहीत होतं. बाहेरच्या खोलीत बसलेल्या आठ जणांपैकी फक्त मला.

मुग्धा आणि निखिलला काकूंनी आतल्या खोलीत पाठवलं. तिथे काकूंच्या मुलाचा कॉम्प्युटर होता. "बोला जरा."

पाच मिनिटं आतून काही ऐकू आलं नाही. बाहेर आम्ही हवापाण्याबद्दल बोलत होतो. मग मुग्धाचा आवाज चढला.

"मी टेबल वापरतच नाही! दोन वर्षं झाली, सोडलं!"

बाहेर सगळ्यांच्या माना त्या दाराकडे वळल्या.

निखिलचा आवाज : "टेबलाशिवाय चालेल कसं? सगळं खाली सांडेल!"

"नाही सांडत! नीट मांडता आलं पाहिजे! तुम्हा लोकांना सवय लागलीय टेबलाची!"

"अगं, सगळी दुनिया टेबलावर करते!"

"करू दे. माझ्याकडे टेबल चालणार नाही. आधीच सांगून ठेवते!"

मुग्धाच्या आईचा चेहरा पडला. त्या हलक्या आवाजात निखिलच्या आईला म्हणाल्या, "घरी तर ती टेबलावरच जेवते हो... हे कधी ठरवलं, आम्हाला बोलली नाही."

निखिलची आई म्हणाली, "नाही नाही, चांगलंच आहे की. आमच्याकडे सासूबाई होत्या तोवर आम्हीही खालीच बसायचो."

ठोंबरे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, मुलगी भलती कडक दिसून राहिली."

मी तोंडाला पदर लावला. सांगायला हवं होतं, मान्य आहे. पण बोलायला तोंड उघडलं असतं तर मी फुटलेच असते!

मुळे काकू उठल्या. टेबलावरची ताटं एकेक करून उचलली. नवीन कापड काढून घडी घातली. आतून सतरंज्या आणून जमिनीवर पसरल्या, पाट मांडले, आणि ताटं खाली लावली. मग आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "चला रे, भांडण पुरे. पानं खाली घेतली आहेत."

दोघं बाहेर आले. सगळे मांडी घालून बसलेले, आणि कडेला ते मोठं टेबल रिकामं. निखिलने मुग्धाकडे पाहिलं, मुग्धाने निखिलकडे. मग तिने ओढणी तोंडात कोंबली आणि खाली बसली. तोही तिच्या शेजारी बसला.

जेवण छान झालं. सगळे उठले. करंदीकर साहेब तेवढे उठेनात. दहा वर्षांत ते जमिनीवर बसले नव्हते. दोन्ही गुडघे बंद पडलेले.

"हलू नका," मुग्धा म्हणाली, आणि तिने त्यांचा एक हात धरला. निखिलने दुसरा धरला. तिने ओढलं की साहेब उजवीकडे, त्याने ओढलं की डावीकडे.

"अगं, आधी खांद्याखाली धर!"

"मी बरोबर धरलंय! तू कोपर सोड!"

साहेब मधोमध लोंबकळत ओरडले, "दोघं मिळून एकदम लावा हो जोर! भांडायचं ते नंतर!"